संगणकातील घंटा कोण वाजवतो?

तारीख १ जुलै २०१२. भारतात पहाटेचे साडेपाच वाजले आणि त्याच क्षणी जगभरातील अनेक संगणक विनाकारण तापू लागले. हातात काम काही नाही, पण संगणकाचा मेंदू मात्र पूर्ण वेगाने राबतो आहे, अशी त्यांची अवस्था झाली. काही मोठी संकेतस्थळे मंदावली. ऑस्ट्रेलियातील क्वांटस या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. उपाय सापडला तोही चमत्कारिक होता. संगणकाचे घड्याळ जी वेळ दाखवत होते, तीच वेळ देऊन ते पुन्हा एकदा लावायचे, बस! एवढ्यानेच संगणक शांत होई.

हे काय गौडबंगाल होते? ते समजून घेण्यासाठी आधी आपण आपल्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊ.

शिपाईमामांची चिठ्ठी

व्हरांड्यात घंटेजवळ शिपाईमामा बसले आहेत. समोर भिंतीवर घड्याळ आहे. अधूनमधून एखादे शिक्षक येतात आणि चिठ्ठी देऊन जातात. ‘मामा, वीस मिनिटांनी मला हाक मारा, प्रयोगशाळेतला बर्नर बंद करायचा आहे.’ दुसऱ्या बाई सांगतात, ‘बरोबर सव्वाबाराला सातवी अ च्या वर्गात या.’ शिक्षक स्वतःच घड्याळाकडे डोळे लावून बसले, तर शिकवणार कधी?

संगणकातही असेच असते. तेथे एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात आणि त्या सर्वांवर देखरेख ठेवणाऱ्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा सर्वांत आतला भाग म्हणजे गाभा, अर्थात कर्नेल. हा गाभा म्हणजे आपले शिपाईमामा. प्रोग्रॅम त्याला सांगतो, ‘मी आता झोपतो, अमुक वेळाने मला उठव.’ या सोयीला टायमर म्हणतात.

मामांचे घड्याळ म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाची कंपने मोजणारी एक चकती. ती ठरावीक कंपनांनंतर संगणकाच्या मेंदूला एक ठोका देते. ठोका पडला की मेंदू हातातले काम बाजूला ठेवतो, गाभ्याची चिठ्ठ्यांची चळत पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या घरगुती संगणकात असे ठोके सेकंदाला सुमारे १८.२ पडत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा १९९१ पासून सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे, म्हणून या लेखात आपण त्याचेच उदाहरण घेऊ. त्यात बरीच वर्षे सेकंदाला १०० ठोके होते. पुढे ते १००० झाले. इतके ठोके अनेकांना जड वाटू लागले, तेव्हा २००५ मध्ये नेहमीचा आकडा २५० ठरला आणि तो बदलण्याची मुभाही मिळाली.

आता चिठ्ठी कशी लिहायची, तिच्यात काय लिहायचे आणि मामांनी त्यावर कोणते वचन द्यायचे, याचे नियम ठरवावे लागतात. या नियमांना इंटरफेस म्हणतात. ठोके देणारे यंत्र बनवणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी लागते ती चिठ्ठीचा नमुना ठरवताना, हे पुढे दिसेलच.

लवकर नाही, उशीर चालेल

समजा, मामांचे घड्याळ दहा मिनिटांनी एकदाच पुढे उडी मारते: १०.००, १०.१०, १०.२०. मधल्या वेळेची त्यांना कल्पना नसते. तुम्ही १० वाजून ९ मिनिटांनी गेलात आणि म्हणालात, ‘दहा मिनिटांनी हाक मारा.’ मामांनी एक ठोका मोजून १०.१० ला हाक मारली, तर तुम्हाला दहाच्या जागी एकच मिनिट मिळाले! म्हणून मामा पहिला ठोका हिशेबात धरत नाहीत. ते १०.२० ला हाक मारतात. तुम्हाला अकरा मिनिटे मिळतात. चिठ्ठी ठोक्यानंतर लगेच दिली असती, तर जवळजवळ वीस मिळाली असती.

गाभाही नेमके असेच करतो. सेकंदाला १०० ठोके असताना १० मिलिसेकंदांची विश्रांती मागितली, तर १० ते २० मिलिसेकंदांच्या दरम्यान कितीही मिळू शकते. हा हिशेब ढिसाळ वाटेल, पण तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. एखाद्या यंत्राची मोटर स्थिर होण्यास १० मिलिसेकंद लागत असतील आणि प्रोग्रॅम ९ मिलिसेकंदांनीच मोजमाप घेऊ लागला, तर मोजमाप चुकेल. तो १५ मिलिसेकंदांनी आला तर बहुधा काही बिघडत नाही. शिवाय अधिकात अधिक किती उशीर होईल, याची हमी साधा गाभा देऊच शकत नाही. हाक मारायच्या क्षणी त्याच्या हातात दुसरे तातडीचे काम असू शकते. म्हणून टायमरचे वचन एकतर्फी असते: सांगितलेल्या वेळेआधी उठवणार नाही. ज्या प्रोग्रॅमरला हे ठाऊक नसते, तो पुढे गाभ्याला दोष देत बसतो.

अकरा मोठे की एक?

ठोके मोजण्यासाठी गाभ्याने एक आकडा बाळगलेला असतो. लिनक्समध्ये त्याला जिफीज असे गमतीदार नाव आहे. हा आकडा ३२ बिटांच्या जागेत ठेवला तर तो जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा शून्य होतो. सेकंदाला १००० ठोके असतील तर हे ४९ दिवस १७ तासांनी घडते. सेकंदाला १०० असतील तर सुमारे ४९७ दिवसांनी.

मग काय होते? १४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसराच्या आकाशावर लक्ष ठेवणाऱ्या पामडेल येथील केंद्राचा विमानांशी असलेला रेडिओसंपर्क तुटला आणि तीन तासांहून अधिक काळ तुटलेलाच राहिला. तेथील यंत्रणेत मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा होता. तो संपू नये म्हणून दर ३० दिवसांनी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायचा दंडक होता. एकदा ते राहून गेले. बोइंग ७८७ विमानांबाबतही २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याला असाच आदेश काढावा लागला. त्यातील जनित्रांचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर आकडा ओसंडून ते बंद पडू शकत होते. २ चा ३१ वा घात घ्या आणि तितक्या शतांश सेकंदांचे दिवस करा. उत्तर सुमारे २४८.५ येईल.

वास्तविक यावर उपाय आहे आणि तो भिंतीवरच्या घड्याळातच दडलेला आहे. सांगा पाहू, अकरा मोठे की एक? गणिताच्या वहीत अकरा मोठे. पण सकाळी अकराला सुरू झालेल्या सामन्यात एक वाजणे ही नंतरची घटना आहे. आपण घड्याळात ‘मोठे कोण’ असे विचारतच नाही. आपण अकरापासून पुढे मोजत जातो, दोनच घरांवर एक सापडतो, म्हणून एक नंतरचा असे म्हणतो. दहा घरे जावी लागली असती, तर तो आधीचा मानला असता. गाभ्यातही दोन वेळांची थेट तुलना करायची नसते. वजाबाकी करायची आणि उत्तर अर्ध्या वर्तुळाच्या आत येते का, ते पाहायचे. या वजाबाकीसाठी लिनक्समध्ये तयार साधन दिलेले आहे, पण लोक ते वापरायला विसरत. चूक कळायला मात्र ४९ दिवस लागत! तेव्हा गाभ्याच्या कर्त्यांनी एक खोडकर युक्ती केली. त्यांनी जिफीजची सुरुवात शून्यापासून न करता अशा आकड्यापासून केली, की संगणक सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत ३२ बिटांचा आकडा ओसंडतो. ज्याने चूक केली असेल, त्याला ती चहा संपण्याच्या आत दिसते. मला ही युक्ती फार आवडते. नियमपुस्तकात ठळक अक्षरांत सूचना छापण्यापेक्षा ती कितीतरी परिणामकारक आहे.

चिठ्ठ्यांचे खण

शाळेत दिवसाला दहा चिठ्ठ्या येत असतील. मोठ्या संगणकात एका वेळी हजारो चिठ्ठ्या थांबलेल्या असतात. त्या वेळेच्या क्रमाने एकावर एक रचायच्या म्हटले, तर प्रत्येक नवी चिठ्ठी योग्य जागी घालायला सगळी चळत चाळावी लागेल. मुंबईच्या आय.आय.टी.तून १९८१ साली पदवी घेतलेले जॉर्ज व्हर्गीस आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील त्यांचे सहकारी टोनी लॉक यांनी १९८७ मध्ये यावर एक सुंदर मार्ग मांडला. त्याचे नाव टायमरचे चाक.

घड्याळाचे सेकंदकाटा, मिनिटकाटा आणि तासकाटा असे तीन काटे आठवा. प्रत्येक काट्याभोवती खण आहेत अशी कल्पना करा. या मिनिटातल्या चिठ्ठ्या सेकंदाच्या खणांत, या तासातल्या मिनिटाच्या खणांत आणि त्याहून लांबच्या तासाच्या खणांत. नवी चिठ्ठी आली की तिचा खण आकडेमोडीने ताबडतोब कळतो, शोधाशोध नाही. मिनिटकाटा पुढे सरकला की त्या खणातल्या चिठ्ठ्या काढून सेकंदाच्या खणांत वाटायच्या. लिनक्सच्या जुन्या रचनेत पहिल्या चाकाला २५६ आणि पुढच्या चार चाकांना प्रत्येकी ६४ खण होते. एकूण खण अवघे ५१२, पण पल्ला ४२९ कोटी ठोक्यांचा!

पण ही वाटावाटही खर्चिक असते. चिठ्ठ्यांकडे बारकाईने पाहिल्यावर एक मजेशीर गोष्ट दिसते. बहुतेक चिठ्ठ्यांवर हाक मारायची वेळ येतच नाही. संगणक दुसऱ्या संगणकाला संदेश पाठवतो आणि चिठ्ठी लिहितो, ‘अमुक वेळात पोच आली नाही, तर मला उठव, मी पुन्हा पाठवीन.’ पोच बहुधा लगेच येते आणि चिठ्ठी फाडून टाकली जाते. ही नुसती खबरदारीची चिठ्ठी असते. याउलट संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची चिठ्ठी प्रत्येक वेळी वाजायलाच हवी, आणि तीही नेमकी.

म्हणजे मागण्याच दोन जातींच्या आहेत. दोघींना एकच छापील नमुना दिला, तर एकीला नको असलेल्या अचूकतेची किंमत मोजावी लागते आणि दुसरीला हवी ती अचूकता मिळत नाही. म्हणून २००६ मध्ये लिनक्समध्ये नेमक्या वेळेच्या टायमरांसाठी वेगळी व्यवस्था आली. तिच्यात वेळ ठोक्यांत न मोजता नॅनोसेकंदांत मोजतात. खबरदारीच्या चिठ्ठ्यांचे चाक २०१६ मध्ये नव्याने बांधले गेले, आणि त्यात वाटावाट पूर्ण बंद झाली. लांबची चिठ्ठी मोठ्या खणात पडते आणि त्या खणाची पाळी आली की तेथूनच वाजते. तिला मागितलेल्या मुदतीच्या फार तर आठव्या हिश्शाएवढा उशीर होतो. दहा सेकंदांच्या खबरदारीला अर्धा सेकंद उशीर झाला, तर कोणाचे काय अडते?

चिठ्ठी परत घेताना

फाडायच्या चिठ्ठ्या इतक्या, तर फाडण्याची पद्धत सोपी हवी. पण टायमरच्या इंटरफेसमधील सर्वांत अवघड जागा हीच. तुम्ही व्हरांड्यात येऊन म्हणता, ‘मामा, माझी चिठ्ठी रद्द करा.’ पण मामा खुर्चीवर नाहीत. ते तुमच्याच वर्गाकडे निघालेले आहेत! आजच्या संगणकाला अनेक मेंदू असतात, त्यामुळे एक मेंदू चिठ्ठी रद्द करत असताना दुसरा तिचे काम पार पाडत आहे, हे नेहमीच घडते. चिठ्ठी रद्द झाली असे समजून तुम्ही खोलीला कुलूप लावून गेलात, आणि मामा आत अडकले तर?

म्हणून लिनक्समध्ये रद्द करण्याचे दोन प्रकार ठेवले. एक नुसते चिठ्ठी काढून घेणारा. दुसरा, मामा निघाले असतील तर ते परत येईपर्यंत थांबणारा. पण दुसऱ्यातही मेख आहे. तुम्ही वर्गाचे दार धरून मामांची वाट पाहत उभे आहात आणि मामा ते दार उघडण्याची वाट पाहत आहेत, असे झाले तर दोघे तसेच उभे राहतील. तिसरी अडचण अशी की काही चिठ्ठ्यांवर ‘काम झाले की अशीच नवी चिठ्ठी लिहा’ असेही लिहिलेले असते. जुनी रद्द करावी, तोवर नवी हजर! ‘ही रद्द करा आणि पुन्हा कधीही लिहून घेऊ नका’ असे सांगण्याची सोय लिनक्समध्ये यायला २०२३ साल उजाडले. इतका साधा वाटणारा शब्द नमुन्यात नसल्यामुळे किती प्रोग्रॅमरांनी रात्री जागवल्या असतील, कोण जाणे.

‘अमुक वेळाने’ आणि ‘अमुक वाजता’

आता आपण १ जुलैच्या पहाटेकडे वळू शकतो. चिठ्ठी दोन प्रकारे लिहिता येते हे आपण सुरुवातीलाच पाहिले: ‘वीस मिनिटांनी’ आणि ‘सव्वाबाराला’. पहिलीसाठी असे घड्याळ हवे, जे कोणी मागेपुढे करत नाही, फक्त पुढे जाते. दुसरीसाठी जगाचे घड्याळ हवे. जगाचे घड्याळ अधूनमधून दुरुस्त करावे लागते. म्हणून गाभा दोन्ही घड्याळे ठेवतो.

पृथ्वीचे फिरणे आणि अणुघड्याळे यांचा मेळ राहावा म्हणून ३० जून २०१२ च्या शेवटी जागतिक वेळेत एक जादा सेकंद घालण्यात आला. भारतात तो साडेपाचला पडला. लिनक्सच्या गाभ्याने आपले जगाचे घड्याळ बरोबर एक सेकंद मागे घेतले, पण ही गोष्ट नेमक्या वेळेच्या टायमर विभागाला कळवायची राहून गेली. तो विभाग एक सेकंद पुढेच राहिला. आता एखादा प्रोग्रॅम म्हणाला, ‘आतापासून अर्ध्या सेकंदाने जे वाजतील, तेव्हा मला उठव,’ तर विभाग म्हणे, ‘ती वेळ केव्हाच होऊन गेली, ऊठ!’ प्रोग्रॅम उठून घड्याळ पाही. वेळ झालेली नसे. तो पुन्हा झोपायला जाई, पुन्हा तत्काळ उठवला जाई. सेकंदाला हजारो वेळा हाच खेळ चाले आणि संगणक तापे. घड्याळ पुन्हा लावले की सर्व विभागांना बातमी पोचे, म्हणून तो विचित्र उपाय लागू पडला.

चूक गाभ्यातली होती, हे खरे. पण त्या प्रोग्रॅमांना हवे होते काय? ‘अर्ध्या सेकंदाने’. त्यांनी चिठ्ठी लिहिली मात्र ‘अमुक वाजता’ अशी. कारण त्यांनी वापरलेल्या सर्वमान्य इंटरफेसमध्ये, वेगळे काही न सांगितल्यास, जगाचेच घड्याळ धरले जाते. छापील नमुन्यात आधीच भरलेला रकाना कोणी सहसा खोडत नाही!

आणि नमुना एकदा वाटला की परत घेणे फार कठीण. गाभ्याच्या कर्त्यांचा कडक नियम आहे, की चालू असलेले प्रोग्रॅम गाभ्याच्या नव्या आवृत्तीने बंद पडता कामा नयेत. २००७ मध्ये लिनक्समध्ये टायमरएफडी नावाची सोय आली. टायमरही फाइलसारखाच वाचता यावा, म्हणजे कळफलक, जाळे आणि वेळ या तिन्हींची वाट एकाच जागी पाहता येईल, अशी तिच्यामागची कल्पना. कल्पना उत्तम होती, पण चिठ्ठी देण्यासाठी एकच आज्ञा ठेवली होती. उरलेला वेळ किती, हे विचारता येत नव्हते. चिठ्ठी बदलताना आधी काय लिहिले होते, हेही कळत नव्हते. लिनक्सची माहितीपुस्तिका सांभाळणारे मायकेल केरिस्क यांनी या उणिवा दाखवून दिल्या. सोय नवी होती, फारशी कोणाच्या अंगवळणी पडली नव्हती, म्हणून पुढच्याच आवृत्तीत ती बंद ठेवता आली. २००८ मध्ये ती तीन आज्ञांच्या रूपात परत आली: टायमर घडवा, वेळ लावा, वेळ विचारा. आजही ती तशीच आहे.

अशी संधी नेहमी मिळत नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजण्याची जुनी रीत १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपणार आहे. ३२ बिटांच्या संगणकांसाठी लिनक्समध्ये ६४ बिटांची वेळ २०२० च्या सुमारास आली, पण जुने प्रोग्रॅम आणि जुनी यंत्रे जागोजाग पडून आहेत.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर पायथन ही भाषा असेल तर एक छोटा प्रोग्रॅम लिहा. १० मिलिसेकंद झोपायचे, असे हजार वेळा करायचे आणि एकूण वेळ मोजायचा. मोजताना जगाचे घड्याळ घेऊ नका. पायथनमधील मोनोटॉनिक हे नुसते पुढे जाणारे घड्याळ घ्या. उत्तर दहा सेकंदांहून जास्त येईल, कारण प्रत्येक वेळचा उशीर साठत जातो. आता प्रोग्रॅम बदला. सुरुवातीची वेळ एकदाच टिपून ठेवा आणि प्रत्येक फेरीत ‘सुरुवातीपासून इतक्या मिलिसेकंदांनी उठायचे आहे’ असा हिशेब करून तेवढाच उरलेला वेळ झोपा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. मग संगणकावर एखादा चित्रपट चालू ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा.